सरळ तारांची भिंत

कमलम्माच्या हातून तार चुकत नाही, हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या सगळ्या मागवाल्यांना ठाऊक होतं. माग बंद पडत गेले. मागवाल्यांपैकी कुणी मंगल कार्यालय काढलं, कुणी प्लॉटिंगमध्ये घुसलं, पण ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं अजून शिल्लक होती. तिचं काम वहिफणीचं. नवा बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, मागावर चढायच्या आधी त्यातली एकेक तार वहीच्या, म्हणजे मागातल्या दोऱ्यांच्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि मग लोखंडी फणीच्या फटीतून ओढून घ्यायची. दोन-अडीच हजार तारा, प्रत्येकीची जागा ठरलेली. एक जरी चुकली तरी कापडभर रेघ उठते, आणि ती रेघ मालकाच्या आधी गिऱ्हाईकाला दिसते.

हे काम जोडीनं करतात. एकजण मागं बसून तार पुढं करतो, दुसरा पुढून आकडीनं ओढून घेतो. कमलम्मा पंचवीस वर्षं मागं बसली आणि नवरा पुढं. नाव नवऱ्याचं झालं. नवरा गेला तेव्हा ती पुढं सरकली आणि मागं सोजरबाईला बसवलं. सोजरबाई उजनीकाठची, दिरांशी भांडून शहरात आलेली, कुंभारीच्या कामगार वसाहतीत कमलम्माच्या शेजारच्या घरात राहणारी. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं, पण तार द्यायला बसली की गप्प व्हायची. कमलम्मानं तिला एकच गोष्ट शिकवली होती. तारेवर तार गेली तर ती आपली चोरी समजायची.

शेवटच्या शेडमधले माग भंगारवाल्यानं किलोवर नेले, आणि दोन महिन्यांत त्याच शेडमध्ये राजस नावाचा इंजिनिअर भाड्यानं येऊन बसला. पुण्याला शिकलेला, वडील हायस्कुलात शिक्षक, आवाज मऊ, चपला दाराबाहेर काढून आत येणारा. त्याला सिमेंटचे असे ठोकळे करायचे होते की ज्यांतून उजेड आरपार जाईल. काच नाही, खिडकी नाही. भिंत ती भिंतच राहणार, टणक, डोकं आपटलं तर डोकंच फुटेल अशी, आणि तरी पलीकडचा सूर्य अलीकडं येणार. युक्ती तारांची होती. सुतासारखी बारीक पारदर्शक तार, जिच्या एका टोकावर उजेड पडला की तो दुसऱ्या टोकातून बाहेर येतो. अशा हजारो तारा वीतभर रुंदीच्या साच्यात या बाजूपासून त्या बाजूपर्यंत घालायच्या, त्यांच्यावर पातळ सिमेंट ओतायचं, वाळलं की दोन्ही तोंडं घासून गुळगुळीत करायची.

कमलम्मा आणि सोजरबाई तिथं लागल्या त्या झाडलोट करायला आणि ठोकळ्यांवर पाणी मारायला. आपण जिथं वीस वर्षं बसलो तिथं झाडू मारायचा, याचं दुःख करायला वेळ नव्हता. तारा घालायचं काम कॉलेजातली मुलं करायची. मुलं हुशार होती, मोबाइलवर गाणी लावून मूठमूठ तारा कोंबत होती. ठोकळा उन्हात धरला की त्यातून उजेड यायचा, पण नुसता भुरकट, जागोजागी काळे डाग, खरूज झाल्यासारखा. राजस डोक्याला हात लावायचा आणि पुन्हा लॅपटॉप उघडायचा.

आठ दिवस तिनं हे पाहिलं. नवव्या दिवशी झाडू भिंतीला टेकवून ती म्हणाली, "सर, इकडं तिसरी घातलेली तार तिकडं सतरावी निघतीय. मग उजेडानं तरी काय करावं?"

दुसऱ्या दिवशी तिनं घरून नवऱ्याच्या दोन फण्या आणल्या. साच्याच्या दोन्ही तोंडांना एकेक फणी उभी केली. सोजरबाई मागं बसली, ती पुढं. प्रत्येक तार दोन्ही फण्यांच्या त्याच नंबरच्या फटीतून. एक थर झाला की सिमेंट, मग वरचा थर, त्याच फटींतून. पहिल्या ठोकळ्याला दोन दिवस लागले. कॉलेजची मुलं गंमत बघत उभी होती, मग त्यांनी गाणी बंद केली.

ठोकळा सुकल्यावर राजसनं तो उन्हाच्या बाजूला तोंड करून दारात ठेवला आणि सोजरबाईला म्हणाला, पलीकडून हात धरा. सोजरबाईनं हात धरला. अलीकडच्या सिमेंटवर हात उमटला. पाच बोटं, बांगड्या मोजून सात, आणि लहानपणी रहाटात सापडून वाकडी झालेली करंगळीसुद्धा वाकडीच. राजस तिथंच उकिडवा बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोला, ते पाणी खरं होतं.

"अगं बया," सोजरबाई पलीकडून म्हणाली, "माझी करंगळी सिमेंटातबी सरळ व्हईना की."

त्या दिवसापासून झाडू दुसऱ्या बाईकडं गेला.

पहिली मोठी ऑर्डर आली ती युनिफॉर्मच्या कारखान्याची. सोलापुरात शाळेचे, दवाखान्याचे, हॉटेलच्या वेटरांचे युनिफॉर्म शिवून परदेशी पाठवणारे कारखाने आहेत, त्यांतला एक. तिकडच्या गिऱ्हाईकाचा तपासनीस येऊन शेरा मारून गेला होता की बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत दिवसाचा उजेड नाही. खोली आवाराच्या कोपऱ्यात होती. तीन बाजूंना गोदाम, चौथी बाजू आवाराकडं, आणि आवारात माल चढवणारे पुरुष. खिडकी काढावी तर आत दिसणार. मालक राजसच्या शेडमध्ये आले, ठोकळ्यामागं स्वतःचा हात धरला, अंगठीसकट उमटलेला बघितला आणि तिथंच हो म्हणाले. म्हणाले, उजेड येईल आणि बायकांची अब्रूही राहील.

हात बसला तसे दिवसाला तीन-चार ठोकळे निघू लागले आणि सव्वाशे पुरे झाले. कमलम्माची बोटं फाटली, तिनं त्यांना मेण लावलं. उद्घाटनाला ती नवी साडी नेसून गेली आणि मागच्या रांगेत बसली. भाषणात कॉलेजचं नाव आलं, प्राध्यापकांचं आलं, बँकेचं आलं, "स्थानिक महिलांचाही हातभार" असं एक वाक्य आलं. सोजरबाईनं कोपरानं ढोसलं, की ते आपणच. कमलम्माला त्याचं काही वाटलं नाही. दुपारचं ऊन भिंतीवर पडलं होतं, आत खोलीभर मऊ उजेड होता, आणि आवारातल्या कडुनिंबाची पानं आतल्या सिमेंटवर हलत होती. एकेक पान वेगळं. आपल्या हातनं झालंय, एवढंच तिला वाटत होतं. माणसाचा घात अशाच वेळी होतो.

कारण त्याच समाधानात तिनं मालकांना सांगून आपल्या मुलीला तिथं कामाला लावलं. दाक्षायणी बाळंतपणाला आलेली, बाळ पाच महिन्यांचं, नवरा भिवंडीला. शिलाई तिला येत होती. पाळी दुसरी मिळाली, दुपारी दोन ते दहा. दिवसा बाळ तिच्याकडं, दोननंतर शेजारच्या बसव्वाकडं, आणि कमलम्मा सहाला घरी आली की तिच्याकडं. कमलम्मा तिला म्हणाली होती, तुला घुसमटायला होणार नाही, तिथं माझी भिंत आहे.

भिंतीबद्दल सगळं दिवसाउजेडी ठरलं होतं. ठरवणारे सगळे पाचला घरी जाणारे होते. सूर्य बुडाल्यावर उजेड कुठं असतो याचा विचार कुणी केला नाही. इंजिनिअरनं नाही, मालकानं नाही, आणि कमलम्मानंही नाही.

जानेवारीत एका ठोकळ्याचा कोपरा फुटल्याची तक्रार आली. राजसनं या दोघींना बघून यायला पाठवलं. पोचायला त्यांना सात वाजले, अंधार पडला होता. आवारात शिरल्या तेव्हा माल चढवणारे सात-आठजण कापडाच्या गठ्ठ्यांवर बसले होते, हातात चहा. ट्रक रिकामा उभा होता. आवारातला मोठा दिवा बंद होता. ते सगळे एकाच दिशेला तोंड करून बसले होते, गावात पडद्यावर सिनेमा बघायला बसावं तसे.

समोर कमलम्माची भिंत पेटलेली होती. खोलीतली ट्यूब आतल्या भिंतीवर, आणि तोंड धुवायचं बेसिन नेमकं या भिंतीला लावलेलं. बेसिनपाशी जी उभी राहील ती ट्यूब आणि भिंत यांच्या मधे. एक बाई आली, पदर सोडला, झटकला, पुन्हा खोचला. निऱ्या मोजता आल्या असत्या. ती गेली. मग दुसरी आली. तिनं मान वाकवली, ब्लाउजची बटणं काढली आणि डावा हात छातीखाली धरून बेसिनमध्ये दूध पिळायला लागली. छातीला दूध दाटतं तेव्हा बाई जशी ओठ दाबून, एक खांदा वर घेऊन उभी राहते तशी. बोटं दिसत होती. थेंब पडत होते तेसुद्धा दिसत होते.

गठ्ठ्यांवरून कुणीतरी म्हणालं, "डेअरी सुरू झाली." बाकीचे हसले. फार मोठ्यानं नाही, रोजचं असल्यासारखं.

दाक्षायणी लहानपणी मागाच्या पायरीवरून पडली होती, तेव्हापासून तिचा डावा खांदा थोडा वर असतो. कमलम्माला चेहरा बघायची गरज पडली नाही.

सोजरबाईनं पायातली चप्पल काढली आणि गठ्ठ्यांकडं निघाली, तशी माणसं उठून ट्रककडं पांगली, ट्रक भरायचा होता हे त्यांना आठवलं. कमलम्मा सरळ सुपरवायझरच्या केबिनकडं गेली. सुपरवायझर अजिनाथ. त्याच्या बापाच्या चार मागांची वहिफणी तिनं केलेली होती, हा तेव्हा दारात खेळायचा. केबिनची खिडकी भिंतीच्या बरोबर समोर होती आणि खुर्ची खिडकीच्या.

ती म्हणाली, तो दिवा दुसरीकडं लाव, नाहीतर बेसिन काढ. तो म्हणाला, ते मालकांच्या प्लॅनमध्ये आहे. मग आवाज खाली आणून, घरातल्या माणसाला समजवावं तसं, त्यानं तिला समजावलं.

"कमलम्मा, तुमी उगा मनाला लावून घेताय. सावली हाय नुसती. कोण हाय ते आमाला कुटं कळतंय? आन् एक सांगतो, मालकानं आत कॅमेरा लावला असता तर बायकांनी बोंब मारली असती. भिंतीवर कोण बोंब मारणार?"

त्याच्या समोर वही उघडी होती. कमलम्माला मराठी सावकाश वाचता येतं, पण येतं. ओळीनं नावं होती आणि नावांपुढं वेळा. कालच्या तारखेखाली दाक्षायणी, सात पाच ते सात एकोणीस. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"कळत नाही म्हणतोस, आणि नाव लिहितोस?"

अजिनाथनं वही मिटली. "तुमचीच पोरगी की ती. मग तुमीच सांगा तिला, जरा लवकर आटपत जा म्हणावं. चौदा मिन्टं लागत्यात व्हय?"

सकाळी दाक्षायणी बाळाला तेल लावत होती तेव्हा कमलम्मानं तिला सांगितलं. सगळं सांगितलं, गठ्ठे, चहा, वही. डेअरीचं तेवढं गिळलं. दाक्षायणीचा हात थांबला नाही, ती बाळाच्या पायाला तेल चोळत राहिली. पाय झाले, पाठ झाली. मग तिनं विचारलं, किती दिवस झाले. कमलम्मा म्हणाली, तू लागलीस तेव्हापासून असणार.

"बोटंसुद्धा दिसतात?"

"दिसतात."

"तू केलीस, म्हणजे दिसणारच, अम्मा," दाक्षायणी म्हणाली आणि बाळाला टॉवेलात गुंडाळलं.

तिनं शिवी दिली असती तर कमलम्माला सोपं गेलं असतं. त्या दिवशी दाक्षायणी कामाला गेली, बेसिनपाशी गेली नाही, पाणीही प्यायली नाही. परत आली तेव्हा ब्लाउज पोटापर्यंत ओला आणि अंगात ताप.

राजसनं ऐकून घेतलं. तो खरंच शरमला, कान लाल झाले. त्यानं मालकांना फोन केला, पडदा लावून घेतो असं कबूल करून घेतलं. पडदा लागला. दोन दिवसांनी निघाला, कारण पडद्यामुळं दुपारी अंधार होतो आणि परदेशी तपासनीस कधीही येऊ शकतो. राजस म्हणाला, आपण माल विकतो, तो कसा वापरायचा हे आपल्या हातात नाही. हे वाक्य त्यानं कुठंतरी वाचलेलं असावं, इतकं ते गुळगुळीत होतं.

तेव्हा कमलम्मानं त्याला मुलांचे जुने ठोकळे दाखवले, मागं बाभळीखाली पडलेले. म्हणाली, यांतून उजेड जातो, माणूस जात नाही. तारा कुठूनही कुठं गेल्यात, त्यामुळं आकार उरत नाही. ती भिंत काढा, असे घाला, मी घालून देते, डागसुद्धा पडू देणार नाही.

"मावशी, ते रिजेक्ट आहेत," राजस म्हणाला. "लोक हात धरून बघतात आणि मग ऑर्डर देतात. सावली स्पष्ट येते म्हणून तर आपला ठोकळा विकला जातो. नुसता उजेड काय, कुठल्याही काचेतून येतो."

हे मात्र खरं होतं, आणि खरं असल्यामुळंच तिला ते सहन झालं नाही. मालकानं भिंत उजेडासाठी घेतली नव्हती. ठोकळ्यामागं स्वतःची अंगठी दिसली म्हणून घेतली होती. ज्याला पलीकडचं दिसतं त्याला ते बघावंसं वाटणारच, आणि ज्याच्या हातात वही असते त्याला ते लिहून ठेवावंसं वाटणार. तिनं आयुष्यभर सरळ ठेवलेली तार त्या वहीत जाऊन संपत होती.

पुढच्या आठवड्यात दुसरी ऑर्डर पक्की झाली. तोच मालक. नातेपुते, माळशिरसकडून शिलाईला येणाऱ्या मुलींसाठी तो होस्टेल बांधत होता. शंभर ठोकळे, न्हाणीघरांच्या बाहेरच्या बोळाला. बोळाच्या बाहेर रस्ता, रस्त्यापलीकडं पानटपरी. राजसनं नकाशा टेबलावर पसरला होता. कमलम्मानं तो झाडू मारायच्या दिवसांतल्यासारखा लांबून बघितला.

त्या दिवशी साच्यापुढं बसल्यावर तिनं आपल्या बाजूची फणी काढून खाली ठेवली. पलीकडची तशीच राहू दिली. सोजरबाईनं तार पुढं केली. कमलम्मानं ती घेतली आणि नेली तिसरीच्या जागी नाही, चाळिसाव्या. पुढची नवव्या. त्यापुढची पार वर. सोजरबाईचा हात तारेसकट हवेतच राहिला.

"कमळे, काय करतीस? तुझं नाव जाईल. पस्तीस वर्साचं नाव."

"त्या पोरींना पानटपरी बघणार," कमलम्मा म्हणाली. "तू तार दे."

सोजरबाईनं दिली. तिलाही मुलगी आहे, अंकिता नावाची, टेंभुर्णीला दिलेली. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला नाही. कमलम्माला मात्र एक गोष्ट कळली. चुकवायलाही तितकंच लक्ष लागतं. दोन तारा शेजारी शेजारी राहिल्या की आकार डोकं वर काढतो. म्हणून प्रत्येक तार तिनं विचार करून चुकवली. उजेड सगळीकडं सारखा यावा, डाग कुठं नको, रूप कुठं नको. रात्री झोपेत तिची बोटं हलत राहायची. नवऱ्यानं बघितलं असतं तर त्यानं तिला मागं बसवलं असतं.

राजस तेव्हा महिनाभर दिल्लीला, कसल्याशा प्रदर्शनात होता. तो परतला तोवर नव्वद ठोकळे तयार होते. त्यानं सवयीनं एक उचलला, दारात ठेवला, हात धरला. अलीकडं दुधासारखा उजेड आला, एकसारखा, डाग नसलेला, कुठं काळं नाही. हात कुठंच नव्हता. त्यानं दुसरा लावला, तिसरा लावला. दहावा लावून झाल्यावर तो वळला.

"मावशी," तो अगदी हळू म्हणाला, "चूक झाली का?"

त्यानं दार उघडून दिलं होतं. ती हो म्हणाली असती, डोळे कमी झालेत, वय झालं, असं काही म्हणाली असती, तर त्यानं दोन दिवस तोंड पाडून तिला ठेवून घेतलं असतं. इतका तो चांगला होता. सोजरबाई मागून मानेनं खुणावत होती, म्हण की, म्हण.

"माझ्या हातनं चूक होत नाही," कमलम्मा म्हणाली.

संध्याकाळी हिशेब घेऊन, डबा उचलून ती कायमची निघाली. दोन्ही फण्या मागितल्या तेव्हा राजसची पंचाईत झाली. साचा आता त्या फण्यांच्या मापाचा होता, आणि सरकारकडं पेटंटच्या हक्कासाठी जो अर्ज गेला होता त्यात त्या फण्यांचं चित्र होतं, खाली राजसचं नाव. तो म्हणाला, मी तुम्हाला नवीन आणून देतो. तिनं विचारलं, त्यांचं मी काय करू, घरात माग आहे का माझ्या? फण्या तिथंच राहिल्या. फण्या असल्या की आता कुणीही बसलं तरी तार सरळच जाणार होती. तिच्या डोक्यातनं निघालेल्या गोष्टीनं तिचीच गरज संपवली होती. सोजरबाई म्हणाली, मीबी येते. कमलम्मानं तिला गप्प बसवलं. घरात एक तरी चूल पेटती पाहिजे, आणि दोघींची मिळून चूल एकच होती.

आणि त्या नव्वद ठोकळ्यांचं काय झालं, तेही सांगतो. नव्यानं करायला वेळ नव्हता, होस्टेलची तारीख छापून झाली होती. राजसनं तेच लावले. मालकांना सांगितलं, ही आमची नवीन श्रेणी आहे, खास महिलांसाठी, गोपनीयता जपणारी. मालक खूश झाले. पुढच्या प्रदर्शनात त्या ठोकळ्याला वेगळं टेबल मिळालं. ज्या कामासाठी कमलम्मा घरी बसली तेच काम माहितीपत्रकात राजसच्या संशोधनाचा दुसरा टप्पा म्हणून छापून आलं. सोजरबाईनं ते पत्रक आणून दाखवलं. कमलम्मानं त्यावर बाळाची बाटली ठेवली. होस्टेलच्या पोरी निदान सुटल्या, एवढं तिनं मनाशी धरलं. ते खरं होतं, पण पुरत नव्हतं.

कारण कारखान्यातली भिंत तशीच उभी होती. एकेक तार जागच्या जागी.

दाक्षायणीनं मात्र तोवर एक केलं होतं. ताप उतरल्यावर तिनं पाळीतल्या सगळ्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, कुणाचं काय दिसतं ते. पहिल्यांदा कुणी विश्वास ठेवला नाही. मग एकेक करून त्या आवारात जाऊन बघून आल्या आणि येताना कुणी कुणाकडं बघेना. दुसऱ्या दिवसापासून सहा वाजले की दाक्षायणी बाकावर चढायची आणि ट्यूब काढून मशिनीखाली ठेवायची. अजिनाथनं ट्यूब परत लावली, तिनं परत काढली. त्यानं विचारलं कुणी काढली, ती म्हणाली मी. तिला एक मेमो मिळाला, मग दुसरा. तिसऱ्याला घरी बसायचं हे ठरलेलं होतं, आणि तिसरा टेबलावर तयार होता, नुसती तारीख टाकायची राहिली होती.

कमलम्माला आता काम नव्हतं. ती रोज सातला बाळाला घेऊन कारखान्यावर जायला लागली. गेटवरचा म्हातारा तिला सोडायचा, त्याच्या बायकोनं कधीकाळी तिच्याबरोबर मागाच्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. सात वाजता दाक्षायणीला दहा मिनिटं मिळायची. दोघी त्या अंधाऱ्या खोलीत बेसिनखाली भिंतीला पाठ लावून बसायच्या आणि दाक्षायणी बाळाला पाजायची. परदेशी तपासनिसाच्या शेऱ्यावरून जिच्यात उजेड आणला त्या खोलीत बायका चाचपडत नळ शोधत होत्या, एकमेकींच्या पायांवर पाय देत होत्या.

मेमोची तारीख पडायची होती त्या संध्याकाळी आवारातला मोठा दिवा लागला. आत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून लोकांना ट्रक भरायला दिवा लागत होता. कमलम्मा बाळाचं टोपडं शोधायला उठली, वळली, आणि तिथंच थांबली.

भिंतीवर माणसं होती. बाहेरचा दिवा त्यांच्या पाठीमागं आणि आत काळोख, त्यामुळं ती सगळी आतल्या सिमेंटवर उमटली होती. एकजण भिंतीच्या अगदी जवळ येऊन कान लावून उभा होता. त्याचं पोट दिसत होतं, खिशातला पेन दिसत होता, आणि दर थोड्या वेळानं तो मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघत होता. दुसऱ्या हातात वही. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि पँटीत हात घालून खाजवलं.

अंधारात सात-आठजणी होत्या. कुणी हसलं नाही. एकीनं हळूच विचारलं, किती मिनिटं झाली त्याला?

"अकरा," दाक्षायणी म्हणाली. बाळ तिच्या अंगावर झोपलं होतं. "चौदा झाली की मी जाते मेमो घ्यायला."

कमलम्मानं हात पुढं केला आणि त्या सावलीवरून बोट फिरवलं. पेनावरून, वहीवरून, वाकलेल्या मानेवरून. घासलेल्या सिमेंटमध्ये तारेचं टोक कुणाच्या हाताला लागत नाही, पण तिच्या बोटाला लागायचं. वरून खाली, आडवं, परत वरून खाली, सवयीनं तिनं रांग तपासली.

एकही तार चुकलेली नव्हती.